रवींद्रकाकांचं उपरणं

उपरणं हललं आणि खोलीतली कुजबुज बंद झाली.

आधी नुसती कड थरथरली. मग मधला भाग फुगला आणि दोरीवर टाकलेलं रवींद्रकाकांचं ते जरीकाठी उपरणं हळूहळू वर उचललं गेलं. खाली जमिनीवर पितळेचा मोठा कलश होता. कलशाच्या तोंडावर पानं होती, आंब्याची इथे मिळत नाहीत म्हणून मागच्या अंगणातल्या फिजोआच्या झाडाची. भोवती कणकेचे दिवे तेवत होते. आषाढातली दिव्यांची अवस म्हणजे इथे ऑकलंडच्या पापाकुरात भर हिवाळा. बाहेर गवतावर गाड्या आडव्यातिडव्या लावून, दारात बूट आणि जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, ढीग करून, निम्मं मराठी मंडळ त्या एका बेडरूममध्ये दाटीवाटीनं उभं होतं.

"आले!" मागून कुणीतरी म्हणालं.

"खोली बघा कशी गरम व्हायला लागली!"

"माझ्या तर अंगावर काटा आला हो."

सगळ्यात पुढे खुर्चीवर वासंतीकाकू बसल्या होत्या. अंगात दोन स्वेटर, वरून शाल, आणि मधूनमधून खोकल्याची उबळ. त्यांनी हात जोडले नाहीत. नवरा कचेरीतून उशिरा आल्यावर विचारावं तशा त्या उपरण्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, आलात?"

मी बरेच बाबा बघितलेत, त्यांचं मला आता काही वाटत नाही. पण त्या दोन शब्दांनंतर मी उपरणं सोडून काकूंकडेच बघत राहिले.

वरुणजींनी डोळे उघडले. भगवं उपरणं, खाली लोकरीची पँट, वर महागातलं पफर जॅकेट. 'महाराज' म्हटलेलं त्यांना आवडत नाही. ते स्वतःला ऊर्जा-मार्गदर्शक म्हणवतात.

"मंडळी," ते म्हणाले, "ही खोली गार का? हीटिंग बिघडलंय म्हणून? अजिबात नाही! पितर म्हणजे लो फ्रीक्वेन्सी ऊर्जा. ती उष्णतेला रेझिस्ट करते. आपण मंत्रानं फ्रीक्वेन्सी वाढवली, रेझिस्टन्स गेला, ऊब आली. हे शुद्ध विज्ञान आहे. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनीसुद्धा मान्य केलंय."

"कुठल्या शास्त्रज्ञांनी?" मी विचारलं.

"सगळ्याच," वरुणजी म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

माझं नाव सुमेधा. मी इमारतींच्या हवेची इंजिनियर आहे. म्हणजे कुठल्या मजल्यावर किती गरम हवा न्यायची, किती गार, ती कुठून आत घ्यायची, हे हिशेब करणं माझं पोटापाण्याचं काम. ऑकलंडातल्या प्रत्येक मराठी घरातला हीटपंप, म्हणजे घर गरम करणारा एसी, मी फुकट बघून दिलेला आहे. 'ताई, जरा येऊन जा ना, आवाज करतोय.' मी जाते, फिल्टर काढून दाखवते, तो धुवायला सांगते. फिल्टर कुणी धूत नाही. पुढच्या हिवाळ्यात तोच हीटपंप तोच आवाज करतो, आणि मग घरावर नजर आहे का हे विचारायला वरुणजींना बोलावणं जातं. पहिली काही वर्षं मी तावातावानं भांडायचे. आता नुसता कंटाळा येतो.

या घरी मला सिद्धीनं बोलावलं होतं. सिद्धी काकूंची सून, औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट. फोनवर ती अगदी रडकुंडीला आली होती.

"ताई, आई त्या खोलीतच झोपतात. गेल्या हिवाळ्यात बाबा त्या खोलीत आजारी होते ना, ती. हिवाळ्याआधीच डॉक्टर म्हणाले होते, बाबांचं हृदय थकलंय, फार दिवस नाहीत. ती खोली बर्फासारखी गार आहे. आम्ही म्हटलं, आमच्या खोलीत झोपा, आम्ही हॉलमध्ये झोपतो. ऐकत नाहीत. वरुणजींनी सांगितलंय की बाबा त्या खोलीत एकटे आहेत, वर्षश्राद्ध होईपर्यंत सोबत करा. आणि साधा हीटरसुद्धा लावायचा नाही म्हणे, आत्म्याला चटका बसतो. आईंना न्यूमोनिया एकदा होऊन गेलाय, ताई. डॉक्टर म्हणाले, परत झाला तर या वयात निभणं कठीण आहे."

"आणि नितीश? इंजिनियर आहे ना तो?"

"त्यानंच तर वरुणजींना आणलं," सिद्धी म्हणाली.

नितीश, काकूंचा मुलगा, सॉफ्टवेअरमधला. त्याची गोष्ट त्यानं मला त्या दिवशी दारातच सांगितली, आणि ती ऐकून मला त्याची कीव आली. घर जुनं, लाकडी. जमिनीखालून मोठे पाइप गेलेले, गॅसवर तापलेली हवा त्यांतून प्रत्येक खोलीत जमिनीतल्या जाळीतून वर यायची. काकांची खोली पार टोकाला. ती गार पडते म्हटल्यावर या पठ्ठ्यानं इंटरनेटवर बघून स्वतः बूस्टर फॅन बनवला. जुन्या कंप्युटरमधले दोन पंखे प्लायवूडच्या चौकटीत बसवले, अडॅप्टर जोडला आणि चौकट त्या खोलीच्या जाळीवर ठेवली, पाइपमधली हवा जोरानं वर ओढली जावी म्हणून.

"मग?"

"आणखी गार वारा यायला लागला, सुमेधाताई! पंखा जितका जोरात, तितका वारा गार. सांगा आता. सगळं नीट वायर केलं होतं, सगळं चेक केलं होतं. सायन्स करून बघितलं मी. फेल गेलं. मग दुसरं काय उरतं?"

'सायन्स करून बघितलं' हे मी आजवर पुष्कळ शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. एक पंखा लावून बघतात, जमलं नाही की थेट परलोक. मधलं सगळं राहून जातं.

आता उपरणं फडफडत होतं आणि मंडळी एकमेकांचे हात धरून रडत होती. ऊब खरी होती, माझ्याही पायांना लागत होती. मला राहवेना. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पडले.

पॅसेजमध्ये माझ्या घोट्यांना वारा लागला. समोरून येणारा नव्हे, पाठीमागून पुढे, भिंतीकडे ओढला जाणारा. मी खाली बघितलं. पॅसेजच्या कोपऱ्यात भिंतीत जमिनीलगत एक मोठी जाळी होती आणि घरातली हवा तिच्यातून आत खेचली जात होती. जाळीच्या समोरची जागा रिकामी, कार्पेटवर चौरंगाच्या पायांचे खड्डे. शेजारी भिंतीला टेकवून एक पुठ्ठा उभा होता, कडांना जुनी पिवळी पडलेली चिकटपट्टी.

"इथे काय असतं गं?" मी मागोमाग आलेल्या सिद्धीला विचारलं.

"देवघर. हा ईशान्य कोपरा ना. पूजेपुरतं आज बाबांच्या खोलीत हलवलंय. दर वेळी वरुणजी तसंच सांगतात."

"आणि हा पुठ्ठा?"

"तो होय! त्या जाळीमुळे नंदादीप सारखा विझायचा. म्हणून मागे लावलेला असतो."

मी तिथेच भिंतीला टेकले. देवघराची जागा ईशान्येला हवी, दिवा अखंड हवा, आणि त्या दोन्हींच्या मधे बिचाऱ्या घराचं नाक आलं होतं. कारण ती जाळी म्हणजे नाकच. घर तापवणारी गॅसची भट्टी त्या जाळीतून हवा आत घेते, तापवते आणि खोल्यांना पाठवते. नाक दाबलं की हवा मिळत नाही, भट्टी आतून नको तितकी तापते, आणि घराला आग लागू नये म्हणून स्वतःच ज्योत बंद करते. पंखा मात्र फिरत राहतो. जवळच्या खोल्यांना मधूनमधून थोडी ऊब मिळते. टोकाच्या खोलीत पोचतो तो फक्त गार वारा. नितीशच्या फॅननं तोच गार वारा इमानेइतबारे वर ओढून आणला होता. त्याच्या वायरिंगमध्ये काही चूक नव्हती.

मी परत खोलीत आले तेव्हा वरुणजी विसर्जन सांगत होते.

"आता आत्मा आपल्या लोकी परत जाईल. पुढच्या अवसेला पुन्हा आवाहन करू. देवघर आपल्या जागी न्या. चौरंग, आसन, मागचा पुठ्ठा, सगळं जसंच्या तसं. काही विसरायचं नाही."

"पुठ्ठासुद्धा?" मी विचारलं.

"पुठ्ठासुद्धा."

"वरुणजी, हे पुठ्ठ्याचं विसर्जन कुठल्या पोथीत आहे?"

दोघीतिघींनी वळून माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मी गप्प बसले. खरं म्हणजे तिथेच बोलायला हवं होतं, पण बोलून काय होतं हे मला अनुभवानं ठाऊक आहे. वरुणजींना माझ्यापेक्षा जास्त बोलता येतं. मग मी ठरवलं, बोलायचंच नाही. चहा व्हायचाच होता.

देवघर जागी गेलं, पुठ्ठा मागे बसला, नंदादीप स्थिर झाला. सिद्धीनं आधण ठेवलं. चहा गाळून होतोय तोवर टोकाच्या खोलीत उपरण्यानं मान टाकली.

"गेले," कुणीतरी हळहळलं. काकूंनी शाल ओढून घेतली आणि त्या खोकायला लागल्या. खोकला थांबेना. नितीश त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मंडळी कप आणि बशा घेऊन खोलीत, पॅसेजमध्ये, जागा मिळेल तिथे उभी राहिली. बशीत कणकेचे गोड दिवे, वर तूप. मी देवघराशी वाकले, देवांना धक्का लागू न देता मागचा पुठ्ठा हळूच सरकवून बाहेर काढला आणि हातात घेऊन टोकाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. वरुणजी आत प्रसाद घेत होते. दिवा मोठा होता, त्यांनी तो अख्खा तोंडात घातला होता.

चहाचे घोट ऐकू येत होते. भट्टी पुन्हा पेटायला वेळ लागतो, तेवढा लागला. मग उपरण्याची कड थरथरली.

"अगं बाई!" कुणाच्या तरी हातातली बशी कलंडली.

उपरणं फुगलं, उचललं गेलं, फडफडायला लागलं. खोलीत ऊब पसरली.

"वरुणजी," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता काही म्हणालात का?"

वरुणजींना बोलता येईना. तोंडात दिवा होता.

"मंत्र नाही, आवाहन नाही. विसर्जन तर तुम्ही स्वतःच केलंत. मी फक्त हे काढलं." मी पुठ्ठा वर धरला. "नितीश, तो कलश जरा उचल."

"त्याला हात लावू नका! अपवित्र होईल!" वरुणजींनी घास कसाबसा गिळला. पण नितीशनं कलश उचललाच. कलशाला तळच नव्हता. तळ गोल कापून तो बरोबर जमिनीतल्या जाळीवर ठेवला होता. आत पानांच्या खाली एक छोटा काळा पंखा गरगरत होता, कडेला बॅटरी, आणि एक बटण.

नितीश ते बटण बघत राहिला. "हे गरम हवा लागली की आपोआप ऑन होतं," तो हळूच म्हणाला. "मी पण असलंच मागवणार होतो. फॅनसुद्धा सेम आहे, ताई. माझ्या फॅनसारखाच."

"हो, फक्त तू त्याच्यावर फिजोआची पानं ठेवायला विसरलास," मी म्हटलं.

मग मी सगळ्यांना पॅसेजमधली जाळी दाखवली. प्रत्येकाला तिच्यासमोर हात धरायला लावला, पुठ्ठा लावून आणि काढून दाखवला. भट्टी श्वास कुठून घेते आणि तिचं नाक दाबलं की काय होतं हे सांगितलं. आवाहनाच्या आधी देवघर का हलवायला लावतात आणि विसर्जनाच्या वेळी पुठ्ठ्याची आठवण का ठेवतात, हेही सांगितलं. ज्याला गरम हवेनं चालू होणारा पंखा कलशात बसवता येतो, त्याला गरम हवा कुठून येते हे पक्कं माहीत असतं.

वरुणजींनी तोवर जॅकेटची चेन लावली होती. "मी तेच म्हणत होतो," ते हसून म्हणाले. "शास्त्र आणि विज्ञान एकच! ताईंनी तेच वेगळ्या भाषेत सांगितलं. आम्ही फक्त माध्यम." कलश काखोटीला मारून, जँडल्सच्या ढिगात आपले बूट शोधत ते बाहेर पडले. त्यांना लाज वाटली असेल असं मला वाटत नाही.

मंडळीही पांगली. जाताना कुणी माझे आभार मानले नाहीत. एक बाई दारात म्हणाल्या, "काय मिळालं तुम्हाला हे करून? म्हातारीला तेवढंच समाधान होतं." त्यांचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता.

कारण खोलीत काकू एकट्या बसल्या होत्या. जाळीतून येणाऱ्या हवेनं उपरणं अजून हलकंसं हलत होतं. त्यांनी ते दोरीवरून ओढून काढलं, मांडीवर घडी केली.

"सुमेधा," त्या म्हणाल्या, "तो पुठ्ठा मी लावला होता."

दारात उभा असलेला नितीश चमकला. "आई, तू?"

"तुम्ही दोघं ऑफिसला असायचात. हे आजारी, आणि दिवा सारखा विझायचा. मला भीती वाटायची. दिवा विझला की वाटायचं, आता काही खरं नाही. म्हणून टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि चिकटवला. दिवा छान राहिला." त्यांनी श्वास घेतला. "त्याच आठवड्यात हे म्हणायला लागले, वासंती, गार लागतंय गं. मी पांघरुणावर पांघरूण घालत गेले."

नितीश आत आला आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला.

"मला कळत होतं," काकू म्हणाल्या. "अगं, आयुष्यभर चूल, शेगडी सांभाळलेली बाई मी. वारा कोंडला की विस्तव नीट जळत नाही, हे मला नको कळायला? पण तो विचार पुरता होऊच द्यायचे नाही मी. मग हे वरुणजी आले. म्हणाले, गारठा पितरांचा आहे, ते रागावलेले नाहीत, सोबत करा म्हणजे झालं. मला ते बरं वाटलं. म्हटलं, त्यांनी जे सोसलं ते आपणही सोसावं." मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "आता तू खरं सांग. माझ्यामुळे गेले का?"

माझ्या जागी वरुणजी असते तर पटकन काहीतरी गोड बोलले असते. मलाही मोह झाला. पण या खोलीत आधीच पुष्कळ खोटं बोलून झालं होतं.

"काकू, खोली पुठ्ठ्यामुळे गार झाली, हे खरं," मी म्हटलं. "काकांना गार वाटलं असेल, तेही खरं. पण काका गेले ते हृदय थकलं म्हणून. पुठ्ठा लावण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. म्हणूनच तर तुम्ही तो दिवा जपत होतात. तुमची चूक झाली, ती जाळी काय आहे हे माहीत नव्हतं म्हणून झाली. आणि आता तुम्ही त्याच गारठ्यात झोपून न्यूमोनिया करून घेतलात, तर त्यात काकांना काय मिळणार?"

काकू रडल्या. आधी कधीच रडल्या नसाव्यात अशा रडल्या. नितीशनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सिद्धीबरोबर कप विसळले, कारण मलाही रडू येत होतं.

रविवारी मी पुन्हा गेले. देवघर आम्ही पॅसेजच्या पलीकडच्या भिंतीला हलवलं. ते ईशान्येला राहिलं नाही, त्याबद्दल काकूंनी अवाक्षर काढलं नाही. गॅरेजमध्ये नितीशचा तो प्लायवूडचा फॅन धूळ खात पडला होता. खोली टोकाची असल्यामुळे पॅसेजमधली जाळी मोकळी केल्यावरही ती बाकीच्यांपेक्षा जराशी गारच राहत होती. आम्ही फॅन झटकून घेतला, त्याला गरम हवेनं चालू होणारं तसलंच बटण बसवलं, चौकटीच्या कडांना फोमची पट्टी लावली म्हणजे हवा बाजूनं सुटणार नाही. खोलीतल्या जाळीवर ठेवला. काकू स्वेटर काढून बसल्या.

"मी काय वेगळं केलं होतं तेव्हा?" नितीश म्हणाला.

"काही नाही. फक्त फेल गेल्यावर थांबलास," मी म्हटलं. "का फेल गेलं ते विचारायचं राहिलं. सायन्स तिथून पुढे सुरू होतं रे."

त्यानंतर मी मनाशी ठरवलं होतं, पुरे झालं. लोकांना नको असेल तर आपण का ओरडायचं? तेवढ्यात काकूंचा फोन आला. आवाज मोकळा होता, खोकला नव्हता.

"सुमेधा, अगं माउंट रॉस्किलला त्या नीलांबरीकडे वरुणजी जाणार आहेत म्हणे. तिच्या नातवाच्या खोलीत भिंतीला काळे डाग पडतात आणि पोराला धाप लागते. त्यांनी सांगितलंय, करणी आहे."

"काकू, ती बुरशी असते. खिडक्या उघडत नाहीत, आणि कपडे घरात वाळवतात." मी डोळे मिटले. "पण मी खरंच दमलेय हो. माझं कुणी ऐकत नाही."

"तू नको बोलूस. तू नुसती गाडी चालव. बोलायचं ते मी बोलते."

आम्ही गेलो. नीलांबरीनं दार उघडलं. मागे हॉलमध्ये चौरंग मांडलेला, रांगोळी काढलेली, शेजारपाजारच्या चार जणी जमलेल्या. काकूंनी जँडल्स काढल्या. काखेत तो पिवळ्या पट्टीचा पुठ्ठा होता. मी नको म्हणत असतानाही त्यांनी तो बरोबर घेतला होता.

"या ना काकू, बसा," नीलांबरी म्हणाली. "दिवा लावतेच आहे."

"दिवा मग लाव," वासंतीकाकू म्हणाल्या. "आधी मला पोराची खोली दाखव, आणि तिची खिडकी उघड."